डॅशबोर्डवरची 'सर्व्हिस'ची सूचना : ऑइल बदलण्याची वेळ ती कितपत बरोबर सांगते?

भारतात अलीकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच मोटारींच्या डॅशबोर्डवर सर्व्हिसची आठवण करून देणारी एक सूचना असते. काही गाड्यांत पान्याचे चिन्ह उमटते, काहींत 'सर्व्हिस ड्यू' अशी अक्षरे येतात, तर काहींत इग्निशन चालू करताच पुढच्या सर्व्हिसला किती किलोमीटर आणि किती दिवस उरले आहेत ते क्षणभर दिसते. गाडी घेताना शोरूममध्ये या सोयीबद्दल कोणी विचारत नाही आणि विक्रेताही ती दाखवण्याच्या फंदात पडत नाही. तरीही इंजिनाच्या आयुष्याशी या छोट्या सूचनेचा जेवढा संबंध आहे, तेवढा मोठ्या टचस्क्रीनचा किंवा सनरूफचा नाही, म्हणून हे परीक्षण केवळ या एका सोयीचे आहे. माझी गाडी बीएस-6 या प्रदूषणविषयक मानकाची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक असून तिचा बहुतेक वापर पुणे शहरात होतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आपल्याकडच्या सर्वसाधारण गाड्यांत ही सूचना एकाच तत्त्वावर चालते आणि पुढे जे गुणदोष येतील ते कोणा एका कंपनीचे नाहीत.

ते तत्त्व अगदी साधे आहे. मागच्या सर्व्हिसनंतर गाडी किती किलोमीटर धावली आणि किती दिवस लोटले, एवढेच ही यंत्रणा मोजते. पेट्रोल गाड्यांसाठी आपल्याकडे बहुतेक कंपन्यांनी 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मर्यादा ठेवलेली आहे. दोन्हींपैकी एक आकडा भरत आला की सूचना दिसू लागते. ऑइलमध्ये बुडवलेला कोणताही सेन्सर त्याचा दर्जा तपासत नसतो. ऑइल चांगले आहे की खराब, पातळ झाले आहे की दाट, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळले आहे का, यांपैकी कशाचाही पत्ता या यंत्रणेला नसतो. ही गोष्ट अनेक गाडीमालकांना ठाऊक नसते, आणि 'गाडीने अजून सांगितले नाही, म्हणजे ऑइल चांगले असणार' असा समज करून घेतला जातो.

एवढ्या साध्या मोजणीचाही मोठा उपयोग आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्या घरात गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर पडते, त्या घरात वर्ष उलटल्याचे कोणाच्याही लक्षात राहत नाही. गाडी तीन-चार हजार किलोमीटरच चालली, मग ऑइल कशाला बदलायचे, हा प्रश्न मी अनेक शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. दिवस मोजणारी सूचना अशा वेळी ठामपणे आठवण देते, आणि कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते अगदी योग्य आहे. ऑइल नुसत्या धावण्याने खराब होत नाही. थंड इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होऊन लगेच बंद होत राहिले, तर कमी किलोमीटरमध्येही ते निकामी होऊ शकते. या एका कामासाठी मी या सोयीला चांगले गुण देईन.

अडचण येते ती किलोमीटरच्या आकड्याची. माझ्या मावसभावाकडे हेच मॉडेल आहे. तो कामानिमित्त पुणे-सोलापूर महामार्गावर नियमित प्रवास करतो, तर माझी गाडी कोथरूड, डेक्कन, शिवाजीनगर या पट्ट्यात फिरते. दोन्ही गाड्यांना सूचना एकाच आकड्यावर मिळते. आता साधे गणित करून पाहावे. ताशी सरासरी 60 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर अंतर कापायला इंजिन साधारण 167 तास चालावे लागते, आणि शहरातल्या गर्दीत सरासरी 20 किलोमीटर धरली तर त्याच अंतराला 500 तास लागतात. म्हणजे माझ्या गाडीतले ऑइल त्याच्या गाडीतल्या ऑइलच्या तिप्पट वेळ इंजिनात फिरलेले असते. सिग्नलला, टोलनाक्याला किंवा शाळेच्या फाटकासमोर एसी लावून गाडी उभी असते, तेव्हा इंजिन चालू असूनही किलोमीटरचा आकडा हलत नाही, आणि सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने तो वेळ घडलेलाच नसतो.

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते आणि तो ऑइल तासांवर बदलतो. अनेक ट्रॅक्टरांच्या बाबतीत हा आकडा 250 तासांचा असतो. जनरेटरचा हिशेबही तासांतच होतो. ट्रॅक्टरवर पडणारा भार वेगळा असल्यामुळे तो आकडा मोटारीला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. परंतु मोजण्याचे एकक तेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या मोटारीतला संगणक इंजिन किती फेरे फिरले, किती तापले, हे प्रत्येक क्षणी जाणत असतो, कारण त्यावाचून तो पेट्रोल किती सोडायचे ते ठरवूच शकत नाही. ही माहिती हाताशी असताना सूचना मात्र फक्त किलोमीटर आणि दिवसांवर द्यावी, ही या सोयीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

शहरातले किलोमीटर ऑइलला इतके जड का जातात, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण एक लिटरच्या आसपास पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे, उतरतो. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त द्यावे लागते, आणि न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतो. इंजिन व्यवस्थित तापले की हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते, त्यामुळे लांबच्या प्रवासात ऑइल स्वतःची बरीचशी सफाई करून घेते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते घडत नाही. डॅशबोर्डवरचा थंड इंजिनाचा निळा दिवा विझला म्हणजे शीतक पाणी तापू लागले एवढेच समजावे; ऑइल पुरते तापायला त्यानंतरही बराच वेळ लागतो आणि तोवर आपण भाजी घेऊन घरी परतलेलो असतो. पेट्रोलने ऑइल पातळ होते, पाण्यामुळे आणि जळणातून येणाऱ्या वायूंमुळे आम्ले तयार होतात, आणि ती निष्प्रभ करण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली अल्कधर्मी रसायने हळूहळू संपत जातात. ती संपल्यावर ऑइलची पातळी डिपस्टिकवर, म्हणजे ती मोजण्याच्या पट्टीवर, पुरेशी दिसत असली तरी संरक्षण मात्र उरलेले नसते. सध्या अनेक पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-20 किंवा 0डब्ल्यू-16 अशी मुळातच पातळ ऑइले लागतात, तेव्हा पेट्रोल मिसळून आणखी पातळ होण्याला तिथे फारसा वाव राहत नाही. यावर उपाय म्हणून 20डब्ल्यू-40 सारखे दाट ऑइल घालून मुदत वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. इंजिनातल्या अरुंद वाटा आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ठरावीक दाटपणाचे ऑइल गृहीत धरूनच बनवलेली असते.

गंमत अशी की कंपन्यांना हे सगळे ठाऊक आहे आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले आहे. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसच्या नेहमीच्या तक्त्यानंतर खडतर वापराचे वेगळे पान असते. सतत जवळच्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहणे, धुळीचे रस्ते, अति उष्ण हवामान अशा गोष्टी तिथे नोंदवलेल्या असतात आणि ऑइल बदलण्याची मुदत अनेक पुस्तिकांत निम्म्यावर, म्हणजे 5,000 किलोमीटर किंवा सहा महिन्यांवर आणलेली असते. ती यादी वाचताना ठाणे, पुणे किंवा नाशिक इथला कोणताही गाडीमालक आपल्या रोजच्या रस्त्याचे वर्णन ओळखेल. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणारा विदर्भ आणि कच्च्या रस्त्यांवर धूळ उडवत जाणारा मराठवाड्यातला प्रवासही त्यात बसतो. आपण ज्याला सर्वसाधारण वापर म्हणतो तो पुस्तिकेच्या भाषेत खडतर वापर असतो. डॅशबोर्डवरची सूचना मात्र बहुधा पहिल्या पानावरच्या 10,000 च्या आकड्यावर बेतलेली असते. माझ्या गाडीच्या बाबतीत सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराला या दुसऱ्या पानाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी पुस्तिका माझ्यासमोरच प्रथम उघडून पाहिली. सूचनेचा आकडा ग्राहकाच्या वापरानुसार कमी करून देण्याची सोय काही गाड्यांत असते. तशी असल्यास गाडी ताब्यात घेतानाच ती करून घ्यावी.

याहून चांगली पद्धत शक्य आहे, आणि ती नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीसच इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवणारी यंत्रणा गाड्यांत बसवायला सुरुवात केली. होंडाच्या तिकडच्या गाड्यांतही ऑइलचे आयुष्य टक्क्यांत दिसते आणि ते 15 टक्क्यांवर आले की सूचना मिळते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना गाडीच्या ऑइलबद्दल विचारले, तर ते किलोमीटर किंवा मैल न सांगता 'अजून 40 टक्के आहे' असे सांगतात, ते यामुळेच. एकेकाळी तिथे दर 3,000 मैलांनी, म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटरनी ऑइल बदलण्याचा सरसकट रिवाज होता. अशा यंत्रणांमुळे आणि सिंथेटिक ऑइलमुळे तो मागे पडला. या पद्धतीतही ऑइलची प्रत्यक्ष तपासणी होत नाही, तो एक अंदाजच असतो, परंतु गाडी कशी चालवली गेली याची दखल त्यात घेतलेली असते. परवडणाऱ्या गाड्यांतही ही पद्धत आणायला नवीन यंत्रभाग फारसे लागणार नाहीत, आणि आपल्या बाजारात ती सर्रास का नसावी हे मला उमगत नाही.

तोपर्यंत सूचनेच्या जोडीला डिपस्टिक वापरावी लागते, आणि तिच्याकडूनही नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची हे ठरवून घ्यावे लागते. डिपस्टिक ऑइलची पातळी सांगते. गाडी सपाट जागी उभी करून, तापलेले इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटे थांबावे, पट्टी ओढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी आणि खालच्या व वरच्या खुणांच्या मध्ये ऑइल कुठे आहे ते पाहावे. अनेक गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर साधारण एक लिटरचे असते. इंजिन ऑइल खात असेल तर ते सूचनेवरून कधीच कळणार नाही. पातळी खालच्या खुणेखाली गेली तरी डॅशबोर्ड निमूटपणे 'अजून 4,000 किलोमीटर बाकी' असेच दाखवत राहील. महिन्यातून एकदा बॉनेट उघडण्याचे कष्ट यासाठी घ्यावेतच. पातळी वाढलेली दिसली तर तीही चांगली खूण नाही, आणि पट्टीला पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल तर मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलावे. थंडीत किंवा पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरट साय धरल्यासारखा थर दिसतो, तो बहुधा जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेल्या पाण्याचा असतो. पट्टीवरचे ऑइलच तसे दिसत असेल आणि शीतक पाणीही कमी होत असेल, तर प्रश्न ऑइल बदलण्यापुरता राहत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातले शीतक पाणी आणि ऑइल एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सील, तपासून घ्यावे लागते.

रंगाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ऑइलची परीक्षा रंगावरूनच केली जाते. मेकॅनिक पट्टी काढतो, दोन बोटांत ऑइल चोळतो, 'काळे पडले, बदलून टाका' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. वास्तविक ऑइलमधली सफाई करणारी रसायने काजळी इंजिनाच्या भागांवर बसू न देता ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. ऑइल काळे पडणे ही बऱ्याच वेळा ते आपले काम करत असल्याची खूण असते. डिझेल गाडीत तर नवे ऑइल अगदी थोड्या अंतरात काळे होते आणि पुढचे हजारो किलोमीटर उत्तम काम देते. उलट बाजू याहून महत्त्वाची आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ऑइल बराच काळ सोनेरी, स्वच्छ दिसते, कारण त्या ज्वलनातून काजळी फार कमी निघते आणि द्रवरूप इंधन ऑइलमध्ये उतरत नाही. मुंबई-पुण्यातल्या सीएनजी टॅक्सी आणि खासगी गाड्यांचे मालक हे पाहून मुदत लांबवतात. पण गॅसवर चालणाऱ्या इंजिनात उष्णतेमुळे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे ऑइल आतून बिघडतच असते, आणि तो बिघाड रंगावरून दिसत नाही. बोटांनी चोळून दाटपणाही कळत नाही, कारण प्रयोगशाळेत तो 100 अंश सेल्सिअसला मोजला जातो आणि आपली बोटे ते तापमान सोसू शकत नाहीत. बोटांना खरखरीत कण लागले तर मात्र तिकडे लक्ष द्यावे.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक वेगळी नोंद करणे भाग आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानक लागू झाल्यावर बहुतेक डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ आला. साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात आणि त्यातले काही चेंबरमध्ये उतरते. गाडी सतत शहरात फिरत असेल तर काजळी जाळण्याची ही क्रिया अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वर चढत जाते. ऑइल वाढले म्हणून खूश होण्याचे यात काहीच कारण नाही, कारण ते पातळ झालेले असते. अशा वेळी किलोमीटर मोजणारी सूचना सर्वांत कमी उपयोगाची ठरते. काही गाड्यांत यासाठी वेगळा इशारा दिलेला असतो, आणि तो आल्यास वरच्या आकड्याकडे न पाहता ऑइल बदलून घ्यावे.

लाल रंगाच्या तेलाच्या झारीचा जो दिवा असतो, तो या परीक्षणाच्या कक्षेत येत नाही, पण लोक त्याला ऑइल बदलण्याची सूचना समजतात म्हणून एवढे सांगतो. तो दिवा ऑइलचा दाब धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे सांगतो. गाडी चालू असताना तो लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' हा विचार इंजिनाच्या बेअरिंगना फार महागात पडतो. त्याचप्रमाणे सकाळी गाडी सुरू केल्यावर टॅपेटचा किंवा टायमिंग चेनचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकणे, झाकणाखाली काळा चिकट गाळ दिसणे, ही ऑइल बदलायला झाल्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात. ती वेळ टळून गेल्याची लक्षणे आहेत. आवाज येईपर्यंत थांबणारा माणूस ऑइलचे पैसे वाचवून इंजिनाचे पैसे खर्च करत असतो.

या सोयीतला आणखी एक दोष तंत्राचा नसून वापराचा आहे. ऑइल बदलल्यावर सूचना पुन्हा शून्यावर आणावी लागते. काही गाड्यांत हे डॅशबोर्डवरच्या बटणाने होते, तर काहींना स्कॅनर जोडावा लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते बहुधा केले जाते, पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलले तर अनेकदा राहून जाते, आणि मग सूचना चुकीच्या तारखेपासून मोजत राहते. याच्या उलट, ऑइलला हातही न लावता कोणीही आकडा शून्यावर आणू शकतो, कारण प्रत्यक्ष काम झाले की नाही हे गाडीला कळतच नाही. म्हणून सर्व्हिसनंतर गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथे पाहून घ्याव्यात. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या आसपास आहे का, बिलावर ऑइलचा दर्जा आणि फिल्टर दोन्ही लिहिले आहेत का, आणि सूचना नव्याने सुरू झाली आहे का. जुन्या पद्धतीचे गॅरेजवाले बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहिलेला स्टिकर लावतात. तो स्टिकर मागून घ्यावा आणि त्यावर पुढची तारीख आपल्या वापराप्रमाणे आपण ठरवून लिहायला सांगावी. शहरात फिरणाऱ्या माझ्या गाडीवर आता सहा महिन्यांनंतरची तारीख असते, तर मावसभावाच्या गाडीला वर्षाची मुदत पुरेशी आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर डॅशबोर्डवर दिसणाऱ्या 'पुढची सर्व्हिस 9,000 किलोमीटरनंतर' या आकड्यावर अजिबात विसंबू नये. विकणाऱ्याकडे ऑइलची बिले मागावीत, त्यांवरच्या तारखा आणि किलोमीटर एकमेकांशी जुळतात का ते पाहावे, आणि बिले नसतील तर गाडी घरी आणल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलून त्या दिवसापासून नवी मोजणी सुरू करावी.